हाडांतलं विष आणि शेजारचा पेला

सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. ज्यांना खुर्ची मिळाली नाही, ते भिंतीला टेकून भक्त झाले होते. समोर अस्थिबाबा एका मुलाला नळीने निवळशंख पाण्यात फुंकायला लावत होते. बघता बघता पाणी दुधासारखं झालं.

"हे हाडांतलं विष. डॉक्टरांच्या यंत्राला सापडत नाही, आम्ही श्वासातून ओढतो," बाबा म्हणाले. यंत्राला वीज लागते, बाबांना टाळ्या पुरतात.

माझी विद्यार्थिनी छकुली आईसोबत रांगेत होती. मूत्रपिंडं निकामी झाल्याने ती कित्येक वर्षं डायलिसिसवर आहे. मी तिला यंत्राशेजारी बसूनच शिकवतो. हल्ली पाय इतके दुखतात, की जिना चढवत नाही. जेवणासोबतच्या गोळ्यांचा तिला कंटाळा, आईला त्याहून जास्त. बाबांकडे पहिल्या खेपेला तिचं पाणी पांढरंफटक झालं होतं, दुसऱ्या खेपेला जेमतेम गढूळ. आज फुंकून फुंकून गाल दुखले तरी नितळच.

"विष संपलं, माई. गोळ्या बंद."

आईने डोळे पुसले आणि गोळ्यांची डबी कचऱ्याच्या टोपलीवर धरली.

"आई, थांब गं जरा." छकुलीने पुढच्या मुलासाठी ठेवलेला पेला ओढला, त्यात नळी घालून फुंकलं. पाणी पांढरं.

"बाबा, माझं विष तर आत्ताच संपलं ना?"

"पोरी, तो पेला त्या बाळाच्या नावाने मंतरलेला..."

"मग तुम्ही फुंका. तुमच्यात तर विष नसेल."

बाबांना नेमकं तेव्हाच मौनव्रत आठवलं.

"ही चुन्याची निवळी आहे," छकुली लोकांना म्हणाली. "सरांनी करून दाखवलीय. कुणाच्याही श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरी होते. मला दर खेपेला चुना कमी घातला. आज नुसतं पाणी."

"मग हिचे पाय का दुखतात, सर?" आईने मला विचारलं.

"मूत्रपिंड थकलं की अन्नातलं फॉस्फरस रक्तात साठतं. यंत्र ते सगळं काढू शकत नाही. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढू लागतं आणि हाडं कमजोर होतात. ही गोळी ते फॉस्फरस पोटातच धरून ठेवते."

यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आईने डबी पिशवीत टाकली. "चल घरी. आधी जेवण, मग गोळी."

"मग नाही गं, जेवतानाच."

चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. मुलांनो, हात जोडण्याआधी शेजारचा पेला एकदा फुंकून बघा.