गाणारी मधोमध हवी

"माझे कान गेले," असं बाबांनी जाहीर केलं तेव्हा माझा धाकटा भाऊ रडकुंडीला आला आणि मला राग आला. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या घरी जाऊन पियानो जुळवले. तार केसभर उतरली तरी त्यांना कळायचं, आणि आम्ही थाप मारली तर तीही आवाजावरून कळायची. अशा माणसाचे कान असे अचानक जातात होय?

भावाने फोनवर सगळी हकिकत सांगितली. बाबांच्या वाढदिवसाला त्याने मोठे स्पीकर आणले. ते उठून दिसावेत म्हणून भावजयीने बसायची खोली चकाचक करून घेतली. बाबांनी हौसेने गाणं लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नुसता गलका ऐकू येतोय," म्हणाले. मग त्याच खोलीतला स्वतःचा पियानो जुळवायला बसले, तर तोही जुळेना. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत. बाबांनी त्यातलं 'वयाच्या मानाने' तेवढंच ऐकलं. आता ते हत्यारांची पिशवी आपल्या जुन्या शिष्याला देऊन टाकणार होते. शिष्य संध्याकाळी यायचा होता.

मी लोकांच्या घरी स्पीकर बसवून देते. त्या बाबतीत मी कुणाच्या बापाला ऐकत नाही, आणि आज तर स्वतःच्याच बापाशी गाठ होती. दुपारीच जाऊन थडकले, खोलीत पाऊल टाकलं आणि एक टाळी वाजवली. तिचा आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर टणटणत राहिला.

"काय केलंत खोलीचं?" मी विचारलं.

"मोकळी केली, ताई. छान वाटते ना?" भावजय कौतुकाने म्हणाली.

छान वाटतच होती. गालिचा आणि जाड पडदे माळ्यावर गेले होते, पुस्तकांचं कपाट आतल्या खोलीत, आणि बसून बसून खड्डा पडलेला सोफा कुणाला तरी देऊन टाकलेला. आता होती गुळगुळीत फरशी, काचेचं टेबल आणि उघडीबोडकी खिडकी. स्पीकर दोन कोपऱ्यांत कोंबले होते. बाबांची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवलेली होती.

"अगं, ही बसायची खोली राहिली नाही, न्हाणीघर झालंय," मी म्हणाले. "आवाज पिऊन टाकेल असं इथे काही उरलंच नाही. एक सूर वाजतो आणि चारी भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा कानावर येतो. त्यात कोपऱ्यातले स्पीकर घुमणार. कान काय करतील बिचारे?"

"उगाच माझी समजूत काढू नकोस," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"समजूत काढायला दुसरं कुणीतरी बघा. मी काम करायला आलेय."

दुसऱ्याच्या घरी खोलीचा दोष बाबांनी दारातच ओळखला असता. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी खोलीला विचारलंसुद्धा नाही, थेट स्वतःलाच मोडीत काढलं. मला खरा राग त्याचाच होता.

मग मी सगळ्यांना कामाला जुंपलं. गालिचा खाली आला, पडदे लागले. पुस्तकांचं कपाट दोघांनी ढकलत आणून मागच्या भिंतीशी लावलं. सोफा परत मिळणार नव्हता, म्हणून पलंगावरची गादी आणून भिंतीला उभी केली. भावजयीचा चेहरा बघवत नव्हता. "आज फक्त ऐकून घे. उद्या गादीच्या जागी दिसायला बरं असं काहीतरी आपण दोघी शोधू," मी म्हणाले. स्पीकर कोपऱ्यांतून पुढे ओढले, वायरी नव्याने जोडल्या आणि बाबांची खुर्ची भिंतीपासून चांगली पुढे घेतली. पुन्हा टाळी वाजवली. यावेळी ती एकदा वाजली आणि संपली.

बाबांच्या आवडत्या गायिकेचं गाणं लावलं. भाऊ उडालाच. "शब्द न् शब्द कळतोय!" भावजयही गादी विसरून ऐकायला लागली. मी कमरेवर हात ठेवून बाबांकडे बघत होते.

बाबांनी डोळे मिटले. जरा वेळाने मान हलवली, ती नकाराची. खरंच गेले की काय यांचे कान?

"गाणारी कुठे उभी आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"दोन स्पीकरच्या मधोमध उभी असायला हवी. ही सगळीकडे पसरलीय, मधे नुसतं भोक आहे. आणि खालचे सूर कुठे गेले?" त्यांनी डोळे उघडले. "एका स्पीकरची वायर उलटी लावलीयेस तू."

"शक्यच नाही," म्हणत मी डाव्या स्पीकरच्या मागे वाकले. लाल वायर काळीच्या जागी होती आणि काळी लालच्या. रोज लोकांना जे नीट लावून देते, ते मी बापाच्या घरी उलटं लावलं होतं, आणि खोलीतल्या चौघांत ते एकट्या त्यांना कळलं होतं. माझ्या चुकीचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी तिथेच फरशीवर बसून हसत सुटले आणि हसता हसता रडायला लागले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शिष्य उभा होता. पिकल्या केसांचा तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "सर, न्यायला आलो खरा, पण मन होत नाही."

"मग नेऊ नकोस," बाबा म्हणाले. दाराशी बांधून ठेवलेली पिशवी त्यांनी उचलली, गाठ सोडली आणि पियानोपाशी जाऊन बसले. "चहा घे, तोवर मी हा जुळवतो. आणि तू गं, रडणं झालं असेल तर ती वायर सरळ कर."