आफोलीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं ते आफ्रिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतीत, गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावर, एका सरकारी कचेरीत. माझ्या कळांवर अजेटे नावाच्या कारकुनांची बोटं चालत. दरवर्षी आम्ही गव्हर्नरसाहेबांचा अहवाल छापत असू. शाबासकी साहेबांना मिळे, मला थेंबभर तेल.

मग एका वर्षी कापडाचे भाव भडकले. लोकांनी परदेशी दुकानांवर बहिष्कार टाकला, आणि त्यांना दंगेखोर ठरवून त्यांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. गव्हर्नरसाहेबांनी कारभार कसा केला हे तपासायला लंडनहून तीन अधिकारी आले. साक्षी उतरवून घ्यायला मला सभागृहात नेलं.

चौथ्या दिवशी आफोली आली. ती बंदरावर मासे विकायची. तिचा भाऊ ओकाई त्या मोर्चात मारला गेला होता.

"मासळी शिळी की ताजी, मला वासावरून कळतं," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "तुम्ही ऐकायला आलात की नुसतं बसायला, ते मात्र कळेना."

मग ती भावाबद्दल बोलू लागली.

"भावानं महिनाभर आधी साहेबांना अर्ज दिला होता. भेट मागितली होती. उत्तर आलं असतं, तर मोर्चा कशाला निघाला असता?"

दुपारी गव्हर्नरांचे सचिवसाहेब अजेटेंजवळ आले. "अर्जाचं वाक्य गाळ. असा अर्ज आलाच नव्हता."

"आला होता, साहेब. पोच मीच टाइप केली."

"पगार कुणाचा खातोस?"

"सरकारचाच, साहेब. म्हणून तर पोच दिली."

 अजेटेंनी वाक्य जसंच्या तसं उमटवलं आणि पोचेची नक्कल सोबत जोडली.

अधिकाऱ्यांनी निष्कर्ष लिहिला: गव्हर्नरांनी लोकांचं ऐकलं नाही. साहेबांना परत बोलावलं गेलं. अजेटेंची बदली दूर उत्तरेला झाली. निघायच्या दिवशी त्यांनी आफोलीला बोलावून ते पान वाचून दाखवलं.

"तो भेट मागायला गेला होता, असंच लिहिलंय ना?" तिनं विचारलं.

"असंच."

"पुन्हा वाचा, दादा."

त्यांनी तीनदा वाचलं.

पुढे नवी यंत्रं आली आणि मी अडगळीत गेलो. खाऱ्या हवेनं माझ्या कळा गंजल्या. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण त्याहून जपा ते कागद, ज्यांवर साध्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरलं आहे. मी गंजून गेलो तर एक यंत्र जाईल. ते पान गेलं, तर ओकाई दंगेखोर ठरेल.