कांद्यात वळवलेलं पाणी

पोपटराव कर्दळी छाटायला तळ्यावर गेला, तर तळं गप्प. बेडूक न्हाई, किडा न्हाई. वास मात्र नव्या रंगवलेल्या पत्र्यागत डोक्यात जाणारा.

गावाची गटारं याच तळ्यात यायची. तळाला खडी, त्यावर कोळसा, वर कर्दळीची दाटी. तुरीच्या काड्यांचा तो कोळसा पोपटरावानंच धूर कोंडून भाजलेला. काळं पाणी आत यायचं आन् खालच्या पाइपातनं नितळ होऊन ओढ्याला लागायचं. ओढ्याच्या कडंलाच गावाची प्यायच्या पाण्याची विहीर.

आज पाइपातनं तांबडा फेस येत होता.

"गटारीच्या वरच्या पुलाव पहाटं टँकर उभा व्हता," त्याची बायको साखरबाई म्हणाली. "म्या समजले, पानीच वाटतोय."

पोपटरावानं सरपंच बबनरावांना फोन लावला. "आबा, तळ्यात इख आलंय. विहिरीची मोटर बंद करा."

"आरं, तुझा कोळसा हाय की!" बबनराव हसले. "समदी घान पितो म्हनून तूच सभेत सांगितलंस."

"गटारीची पितो, आबा. ह्ये टँकरातनं वतलेलं कारखान्याचं हाय. त्याला न्हाई झेपत."

"मी मीटिंगला हाय. सांजच्याला बघू."

फोन कट झाला. फेस ओढ्याकडं सरकत होता. पाइप बुजवला तर तळं फुगून बांध फुटणार. पाणी वळवायला उतार एकाच बाजूला होता, आन् तिथं पोपटरावाचा कांदा काढणीला आलेला.

त्यानं खोरं उचललं तशी साखरबाई आडवी झाली. "याड लागलं का तुमाला? वर्साचं पीक हाय!"

"आपली पोर, अपेक्षा, कुठलं पानी पिती गं?"

साखरबाई बाजूला झाली. मग तिनंच चिखलाचे गोळे करून करून पाइपाच्या तोंडात कोंबले. पोपटरावानं कांद्याच्या बाजूचा बांध फोडला. तांबडं पाणी वाफ्यावाफ्यांत शिरलं.

सांजच्याला बबनराव आले, आधी विहिरीत डोकावले. पाणी निवळ होतं.

"बघ, उगं घाबरलास. काय झालंय विहिरीला?"

साखरबाईनं कांद्याची एक पात उपटून त्यांच्या हातात दिली. उकडल्यागत लिबलिबीत झालेली. बबनरावांनी ती पटकन टाकली आन् धोतराला हात पुसत राहिले.

"पोपट," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्ये पानी मुरून जानार कुठं?"

पोपटरावानं रानाकडं बघितलं. वाफ्यातलं पाणी सावकाश जिरत होतं, आन् विहीर त्याच्या रानाच्या खालच्याच अंगाला होती.