प्रमिलाबाईंच्या पायाखालचं पेडल

मित्रांनो, कीबोर्ड वाजवणाऱ्याची बोटं सगळे बघतात, त्याचा पाय कुणी बघत नाही. मी त्या पायाखाली असतो. मी सस्टेन पेडल आहे. पट्टीवरचं बोट उचललं की कीबोर्डचा सूर तुटतो. पण तेव्हा पायाने मला दाबून धरलं असेल, तर तो सूर थोडा रेंगाळतो आणि पुढच्या सुराला जाऊन मिळतो. एवढंच माझं काम.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. वर लोखंडी पट्टी, आत स्प्रिंग, तळाला रबर आणि मागे लांब वायर. खोक्यात बसून मी धुळ्याला सुकदेवभाऊंच्या वाद्यांच्या दुकानात आलो. पहिल्याच महिन्यात एका ऑर्केस्ट्रावाल्याने मला नेलं आणि चौथ्या दिवशी परत आणलं.

"भाऊ, हे उलटं चालतं. पाय ठेवला की सूर तुटतो, काढला की वाजत राहतो."

सुकदेवभाऊंनी त्याला दुसरं पेडल दिलं. माझ्या खोक्यावर 'खराब' असं लिहून मला वरच्या फळीवर ठेवलं. तिथे माझी दोन वर्षं गेली. खालून ढोलक्या जात, टाळ जात, माझ्यानंतर आलेली पेडलंही जात. आपल्यात खरंच काहीतरी मोडलं असावं, असं मलाही वाटू लागलं.

मग एका श्रावणात पिंपळनेरजवळच्या गावाहून प्रमिलाबाई आल्या. सोबत त्यांची सून मेघा होती आणि तिच्या काखेत कीबोर्ड. प्रमिलाबाई गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात वीस वर्षं पेटी वाजवत होत्या. आदल्या वर्षी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांनी पेटी कापडात बांधून ठेवली आणि मंडळाला सांगितलं, दुसरं कुणी बघा. मंडळाने दुसरं कुणी बघितलं नाही. बायका वर्षभर नुसत्या टाळांवर गात राहिल्या. शेवटी मेघाने माहेरचा कीबोर्ड आणून सासूपुढे ठेवला.

"तीन बोटांनी वाजतं, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत मधे खंड पडतो. मेघा म्हणते, त्याला पायाचं काहीतरी मिळतं."

सुकदेवभाऊंनी आधी एक हलकं, चपटं पेडल काढलं. प्रमिलाबाईंनी चप्पल काढून पाय ठेवला, तर ते फरशीवर पुढे पुढे सरकायला लागलं. दुसरं जड होतं, जागचं हललं नाही, पण त्याची स्प्रिंग इतकी कडक की चार वेळा दाबल्यावर त्यांची पोटरी दुखू लागली.

"अर्धा तास भजन चालतं," त्या म्हणाल्या. "एवढा जोर माझ्याच्याने व्हायचा नाही. ते वरचं काय आहे?"

"ते खराब आहे, अक्का."

"बघू तर द्या."

मला खाली काढलं. त्यांचा पाय माझ्यावर आला तो अगदी हळू, जोखत. माझी स्प्रिंग मऊ होती आणि रबराने फरशी घट्ट धरली होती. त्यांचा चेहरा खुलला. पण मेघाने वायर जोडली आणि व्हायचं तेच झालं. पाय दाबला की सूर तुटे, उचलला की वाजत राही. सुकदेवभाऊंनी मला उचलायला हात पुढे केला.

प्रमिलाबाईंनी मला सोडलं नाही. बियाण्याची पिशवीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचून घेणारी ती बाई. त्यांनी मला उलटं केलं, पदराने तळाची धूळ पुसली आणि विचारलं, "भाऊ, हे बारीक बटण कशाचं?"

सुकदेवभाऊंनी चष्मा लावला. नखाने बटण दुसरीकडे सरकवलं, कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू केला. प्रमिलाबाईंनी पाय ठेवला, कीबोर्डची पट्टी दाबली, बोट उचललं. सूर राहिला.

सुकदेवभाऊ म्हणाले, "काही कीबोर्डांना उलटं लागतं, काहींना सुलटं. दोन वर्षं मी याला खराब म्हणत होतो, अक्का. उलटं करून बघितलं नाही." आणि त्यांनी माझ्या खोक्यावरचा शब्द पेनाने खोडला.

गावी गेल्यावर सगळं लगेच जमलं असं नाही. पहिल्या दिवशी प्रमिलाबाई मला दाबूनच बसल्या. मंडळात पुढे गाणाऱ्या मंजुळाबाई गाता गाता थांबल्या आणि अहिराणीत म्हणाल्या,

"प्रमिला, बठ्ठा सूर एकमेकमा मिसळी ग्यात. शबदच आयकू येतस नही."

सगळे सूर मिसळून शब्द बुडत होते. तेव्हा प्रमिलाबाईंना कळलं की मला दाबण्याइतकंच वेळेवर सोडणंही शिकावं लागतं. महिनाभर रोज दुपारी आम्ही दोघं तेवढंच शिकत होतो.

दुसरी अडचण खुर्चीची. माझ्यावर पाय ठेवायचा तर सतरंजीवर मांडी घालून भागत नाही. सगळ्या खाली आणि आपण उंच, याचा प्रमिलाबाईंना संकोच वाटे. मंजुळाबाईंनी घरून एक बुटकं स्टूल आणलं आणि म्हणाल्या, "तुना पाय तं खालेच शे ना. मंग तू आमनामाच शे." पाय खाली, म्हणजे आपणही त्यांच्यातल्याच, हे प्रमिलाबाईंना पटलं.

नवरात्रात देवीच्या देवळापुढे मंडळ बसलं. सुरुवातीला प्रमिलाबाई मला जरा उशिराच सोडत होत्या. पहिल्या कडव्यानंतर त्यांचा पाय तालात आला. मंजुळाबाईंनी लांब तान घेतली, मधे श्वास घेतला, आणि त्या श्वासापुरता सूर आम्ही दोघांनी धरून ठेवला. भजन संपल्यावर प्रमिलाबाईंनी डोळे पुसले. मग खाली वाकून, तीन बोटांच्या हाताने मलाही पुसलं.

याला आता चार वर्षं झाली. माझ्या रबराचा एक कोपरा झिजला आहे. प्रमिलाबाई माझी वायर ओढून काढत नाहीत, टोक धरून काढतात आणि सैल गुंडाळतात. माझ्यासारख्या वस्तूला याहून जास्त काय हवं?

मित्रांनो, तुमच्या घरच्या वस्तूंनाही असंच सांभाळा. आणि तुमच्यातल्या कुणाची बोटं कमी पडली, तर त्याला बाजूला बसवू नका. त्याच्या पायापाशी काय ठेवता येईल, ते शोधा.