विहिरीवरचा बिल्ला

"संशोधनाचा पेपर छापून आल्याशिवाय एक आकडासुद्धा बाहेर जाणार नाही," साहेब म्हणाले. फाइल कपाटात गेली, किल्ली खिशात गेली.

बाटलीकाका तसेच उभे राहिले. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या या माणसाला संशोधन केंद्रातल्या पोरांनी हे नाव दिलं होतं, कारण तीस वर्षं त्यांचं काम एकच. विहिरीवर जायचं, बाटलीत पाणी भरायचं, नंबर चिकटवायचा, प्रयोगशाळेत आणून द्यायचं. कुठला नंबर कोणाच्या विहिरीचा, हे काकांच्या वहीत. पाण्यात काय निघालं, हे साहेबांच्या फाइलीत. या दोघींची गाठ काही पडत नव्हती.

"साहेब, तीन वर्षं झाली. लोक तेच पाणी पितायत हो."

"काका, तुम्हाला नाही कळायचं. आपण आकडे दाखवले की दुसराच कोणीतरी ते स्वतःच्या नावावर छापून मोकळा होतो."

मग होऊ दे की मोकळा! काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. विहिरी लोकांच्या, तंगडतोड माझी, आणि आकडे तेवढे यांच्या बापाचे?

त्या विहिरींतली एक काकांच्या धाकट्या बहिणीची होती. तिने अजून पन्नाशीही गाठली नव्हती, पण उठताना भिंत धरायची आणि बसताना 'आई गं' म्हणायची. भेट झाली की तिचं एकच पालुपद.

"दादा, माझ्या बाटलीचं काय झालं रे?"

"येतंय, येतंय."

"येतंय काय, डोंबल! तेवढ्यात माझ्या घरी सून आली, नातू झाला, तो आता वाटीने पाणी प्यायला लागला. तुझ्या बाटलीला अजून मुहूर्त नाही?"

मागच्या रविवारी तर तिने कहरच केला. "तुझ्याआधी पण एकजण बाटली भरून घेऊन गेला होता. आठ वर्षं झाली. विहिरीच्या खांबाला तो बिल्ला ठोकून गेला, तो गेलाच."

काका उठून विहिरीपाशी गेले. पत्र्याचा तो बिल्ला त्यांनी प्रत्येक विहिरीवर पाहिला होता. वीजवाल्यांचा असेल म्हणून सोडून दिला होता. आता चष्मा चढवून वाचला, तर खाली नाव होतं त्यांच्याच केंद्रासमोरच्या, रस्त्यापलीकडच्या संस्थेचं!

म्हणून आज साहेबांच्या खोलीतून निघाले ते काका तडक रस्ता ओलांडून गेले. तिथल्या कारकूनबाईंनी धूळ झटकून एक रजिस्टर पुढ्यात टाकलं. काकांच्या वहीतल्याच बासष्ट विहिरी, घरमालकांच्या नावांसकट. बहिणीच्या बिल्ल्याचा नंबर सतरा. सतरासमोर लिहिलं होतं, 'फ्लोराइड मर्यादेच्या चौपट. पिण्यास अयोग्य.'

हाडांत मुरणारं विष. उकळूनही न जाणारं.

"हे कोणाला कळवलं नाही?" काकांचा आवाज चढला.

"अहो, आमच्या मॅडमचा पेपरच पुरा झाला नाही. मग त्या बदलून गेल्या."

"आणि मागितलं असतं तर?"

"दिलं असतं की. कोणी मागायलाच आलं नाही."

काकांना हसावं की डोकं आपटावं ते कळेना. एक रस्ता. आठ वर्षांत तो एक रस्ता कोणाला ओलांडता आला नाही, आणि त्यात आपणही आलो. त्यांनी तिथेच बसून बासष्टच्या बासष्ट आकडे वहीत उतरवले, प्रत्येकापुढे घरमालकाचं नाव घातलं आणि भर दुपारी बस धरली. पहिलं घर बहिणीचं.

ती नेहमीसारखी पाण्याचा पेला घेऊन आली. काकांनी पेल्याऐवजी वही पुढे केली. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"आठ वर्षांपूर्वीच कळलं होतं?"

काकांनी मान हलवली.

ती वळली. भिंत धरत अंगणात गेली, पेला ओतून दिला. मग नातवाची वाटी ओतली. परत आली तेव्हा हातात रिकामा पेला तसाच होता.

"दादा," ती म्हणाली, "एवढ्या उन्हातून आलास आणि तुला द्यायला घरात पाणी नाही रे."