न उचललेला तांदूळ

कॅनडातल्या मार्कहॅममध्ये स्वानंदच्या घराला चार कॅमेरे होते. एक दारावर, एक गॅरेजवर आणि दोन ड्राइव्हवेवर. गल्लीतून लागोपाठ तीन गाड्या चोरीला गेल्या, तेव्हा त्याने अख्खा शनिवार-रविवार शिडीवर काढून ते बसवले. त्याची आई, काटोलच्या शाळेतून निवृत्त झालेल्या वनिताबाई, खाली शिडी धरून उभ्या होत्या.

"गाडीची एवढी काळजी करतोस, तर तिला एक स्वेटरही घाल," त्या म्हणाल्या.

स्वानंद हसला नाही. गाडी नवीकोरी होती.

शेजारच्या घरात वार्तिनी नावाची इंडोनेशियन बाई राहायची. वय सत्तरीच्या आसपास, चण एवढीशी. मुलगी हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्युटीच्या वेळा विचित्र, त्यामुळे बाई बहुतेक वेळ एकटीच. तिच्या पोर्चवर खिळ्याला पत्र्याचा एक लहान पेला टांगलेला असायचा आणि त्यात रोज चिमूटभर तांदूळ. वनिताबाईंना आधी वाटलं, पाखरांसाठी असेल. पण पेल्यावर झाकण होतं. आता झाकण उघडून दाणे खाणारं पाखरू कॅनडात तरी कुठून येणार? शेवटी ऑक्टोबरात त्यांनी सरळ जाऊन विचारलं.

दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून त्यांचं छान जमलं. वार्तिनी जावामधल्या डोंगराच्या पायथ्याच्या गावची. गाव चाळीस घरांचं. भातशेती, मिरची, दोन-दोन गाई. चोर यायचे, गाय सोडून न्यायचे, पाण्याचा पंप उचलायचे, कापून ठेवलेलं भातसुद्धा पळवायचे. पोलीस लांब. म्हणून गावातले पुरुष पाळीपाळीने रात्रीचा पहारा द्यायचे. पहारेकऱ्यांसाठी प्रत्येक घराने दाराबाहेर पेल्यात चिमूटभर तांदूळ ठेवायचा. फिरता फिरता ते तो गोळा करायचे. पुढे त्याच तांदळातून पूल दुरुस्त व्हायचा, कुणा आजाऱ्याच्या घरी चूल पेटायची.

"एखाद्या घरी पेला एम्प्टी," वार्तिनी म्हणाली, "तर नॉक नॉक. सिक? फॉल? चोर? विचारायचं. राईस छोटा, बू वनिता. लूकिंग मोठं."

त्यांच्याकडे बाईमाणसाला 'बू' म्हणतात. वनिताबाईंना ते आवडलं. आयुष्यभर त्यांना लोक बाई म्हणत आले होते, आता बू.

"मग इथे तुमचा तांदूळ कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

"नो वन. सकाळी मीच परत घेते."

हे ऐकून वनिताबाईंना कसंतरीच झालं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून मी घेईन."

तेव्हापासून रोज सकाळी नऊला, हातातल्या घड्याळात बघून, त्या जायच्या. चिमूट पिशवीत घ्यायच्या, खिडकीतून दोघी एकमेकींना हात करायच्या, की झालं. तांदूळ एका बरणीत साठत होता. भरली की फूड बँकेत द्यायची असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या दारातून धान्य घेताना हात जरा अडखळला, भिक्षा मागितल्यासारखं वाटलं. पण चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की सकाळी केस नीट विंचरून कुठेतरी वेळेवर जायचं आहे, हे त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळालं होतं.

डिसेंबरात एकदा चहा पिताना वार्तिनीने दाराआड टांगलेला लाकडी ठोकळा दाखवला. हातभर लांब, आतून पोकळ, शेजारी काठी. गावातल्या पहाऱ्याच्या झोपडीतला. एक एक ठोका म्हणजे सगळं ठीक. न थांबता भराभर ठोके म्हणजे संकट, असाल तसे घराबाहेर या. अशा भराभर ठोक्यांना 'तितिर' म्हणायचे.

मग तिने नवऱ्याचं सांगितलं. दारमो त्याचं नाव. त्याची पाळी होती, जोडीदाराला ताप भरलेला, म्हणून एकटाच निघाला. पाऊस कोसळत होता. सकाळी चाळीसच्या चाळीस घरांत तांदूळ तसाच होता. प्रत्येकाला वाटलं, दारमोने पावसात कंटाळा केला.

"मला पण," वार्तिनी म्हणाली. "मी अँग्री. झोपडीत बसून सिगरेट ओढतोय, मला वाटलं. तो राईस मी परत भांड्यात टाकला. कुक केला. खाल्ला." दुपारी कालव्याच्या फाटकापाशी तो सापडला. पाय अडकलेला. "डॉक्टर म्हणाला, सकाळपर्यंत जिवंत होता. फोर्टी हाउस, बू वनिता. सगळ्यांनी राईस पाहिला. कोणी त्याला शोधलं नाही."

वनिताबाईंनी तिचा हात धरला आणि चहा निवून गेला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी जेवताना स्वानंदने फोन पुढे केला. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समोरच्या कुणीतरी आपल्या कॅमेऱ्यातली क्लिप टाकली होती. टोपी घातलेली एक म्हातारी शेजारच्या पोर्चवरून काहीतरी उचलून पिशवीत टाकते आहे. खाली प्रश्न होता, ही बाई कोण, पार्सलं हीच चोरते का?

"आई, ही तू आहेस," स्वानंद म्हणाला. "काय उचलतेस तू रोज?"

"तांदूळ."

"तांदूळ? बेसमेंटमध्ये बासमतीची चाळीस पाउंडांची बॅग पडलीये!"

वनिताबाईंनी पहाऱ्याचं, पेल्याचं सगळं सांगितलं. सून गौरांगी ऐकत राहिली, पण स्वानंदचे कान लाल झाले होते.

"आई, तिकडच्या खेडेगावात ठीक आहे. इथे लोक नाइन वन वन कॉल करतात. मी काय एक्सप्लेन करत बसू सगळ्यांना? आणि सेफ्टीसाठी आपण कॅमेरे लावलेत ना? प्लीज, उद्यापासून बंद कर."

"बरं," वनिताबाई म्हणाल्या. त्यांना फार लागलं होतं. छत्तीस वर्षं पोरांना चोरी करू नका म्हणून शिकवलं, आणि पोटच्या पोराला आईची लाज वाटावी! पण घर त्याचं होतं, गल्ली त्याची होती. त्या उठून भांडी घासायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच स्वानंद आणि गौरांगी मॉन्ट्रियलला गेली. स्वानंदची क्लायंटकडे मीटिंग होती, गौरांगीने सुट्टी टाकली होती, दोघं उद्या परतणार होती. वनिताबाईंनी मनाशी ठरवलं, आज शेवटचा तांदूळ घ्यायचा आणि वार्तिनीला समजावून सांगायचं. जाताना तिच्या पायऱ्यांवर मीठ टाकावं, बर्फ फार झालाय, म्हणून पावणेनऊला त्या बाजूच्या दाराने बोळात गेल्या. मिठाची पोती तिथे असायची. हा बोळ घराच्या दुसऱ्या अंगाला, वार्तिनीच्या घरापासून लांब. तिथे कॅमेरा नव्हता, कारण तिथे गाडी नव्हती.

छपराच्या पन्हळीतलं पाणी खाली गोठून काच झालं होतं. पाय सटकला आणि त्या कुशीवर आपटल्या. खुब्यात काहीतरी मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला. मागे दार आपोआप लॉक झालं. फोन किचनमध्ये चार्जिंगला होता.

"अरे, कोणी आहे का?" त्या ओरडल्या. मग "हेल्प" म्हणून ओरडल्या. फेब्रुवारीत इथली घरं डब्यासारखी घट्ट बंद असतात. कुणाच्या कानावर काही गेलं नाही.

नऊ वाजले. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. आता वार्तिनी खिडकीत आली असेल. सव्वानऊ. आता ती म्हणत असेल, थंडी आहे, बू वनिता आळसावली. मग ती दार उघडेल, तांदूळ काढेल आणि भांड्यात टाकेल. का नाही टाकणार? उणे अठरात कोण म्हातारी चिमूटभर तांदळासाठी बाहेर पडते? आणि कदाचित ती क्लिप तिलाही मुलीने दाखवली असेल. मुलाने आईला बंद कर म्हणून सांगितलं असेल, हे तिला बरोबर कळेल. तिथेच सगळं संपलं.

वनिताबाईंना भीती वाटली. एरवी मरणाबद्दल त्या मजेत बोलायच्या, पण असं नव्हतं मरायचं, पोतं कलंडल्यासारखं. साडेनऊला त्यांची थरथर थांबली आणि झोप यायला लागली. ही झोप चांगली नाही, एवढं कळत होतं. त्या मोठ्याने पाढे म्हणू लागल्या. एकोणिसाचा म्हणता म्हणता अडल्या. चौथीच्या पोरांना याच पाढ्यासाठी त्या बाकावर उभं करायच्या.

दहा वाजून गेल्यावर घरात पुढच्या दाराची बेल वाजली. लांबून, भिंतीपलीकडून. पुन्हा वाजली, आणि तिसऱ्यांदा. वनिताबाईंनी जीव खाऊन हाक मारली, पण तोंडातून नुसती वाफ आली. बर्फात करकर पावलं वाजली आणि दूर गेली.

गेली, त्यांनी मनात म्हटलं, आणि डोळे मिटले.

मग ठोके सुरू झाले. टक्‌टक्‌टक्‌टक्‌, न थांबता, भराभर, रस्त्याच्या मधोमध. त्या गल्लीत असला आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. एक दार उघडल्याचं ऐकू आलं, मग दुसरं. कुणीतरी चिडून ओरडलं. ठोके थांबेनात.

"माय फ्रेंड!" वार्तिनीचा चिरका आवाज आला. "राईस! शी नॉट टेक राईस!"

लोकांना अर्थात काही कळलं नाही. पण ती पुढे पळत होती म्हणून ते मागे आले. तिने घराला फेरी मारली, गावातल्या पहाऱ्यासारखी, आणि बोळात शिरली. तिच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. तिने अंगावरचा कोट काढून वनिताबाईंवर घातला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला तो समोरच्या माणसाने. ग्रुपवर क्लिप टाकणारा तोच होता.

संध्याकाळी स्वानंद आणि गौरांगी मॉन्ट्रियलहून हॉस्पिटलात पोचली. खुब्याचं ऑपरेशन सकाळी होतं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की आणखी तासभर उशीर झाला असता, तर काही करता आलं नसतं. तो खाटेशी बसला.

"आई, मला तीनदा नोटिफिकेशन आलं," तो म्हणाला. "मी मीटिंगमध्ये होतो. बघितलं. दारात त्या शेजारच्या बाई उभ्या दिसल्या. मला वाटलं, तांदळाचंच काहीतरी. मी स्वाइप केलं. तीनही वेळा." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

वनिताबाईंना त्याचा राग आला होता आणि त्याची कीवही येत होती. त्या म्हणाल्या, "उगी."

तेवढ्यात वार्तिनी आली. मुलीने तिला आणून सोडलं होतं. पायांना बँडेज होतं, थंडीने बोटं भाजली होती. ती खाटेजवळ आली, तिने स्वानंदकडे पाहिलंही नाही. कोटाच्या खिशातून तिने तो पत्र्याचा पेला काढला आणि झाकण उघडलं. आत चिमूटभर तांदूळ होता.

"बू वनिता," ती म्हणाली, "धिस टाइम मी कुक नाही केला."

वनिताबाईंच्या एका हाताला सलाइन होतं, दुसरा थंडीने सुजला म्हणून पट्टीत गुंडाळलेला होता. त्यांना हात पुढे करता येईना. वार्तिनी पेला धरून तशीच उभी राहिली. त्या दिवसाचा तांदूळ कुणीतरी घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती.

स्वानंद उठला. त्याने डोळे पुसले आणि तिच्यासमोर ओंजळ धरली. वार्तिनीने पेला पालथा केला. मूठभरही नव्हता तांदूळ, पण एकही दाणा खाली पडू नये म्हणून त्याने बोटं घट्ट जुळवून धरली होती.