दाराबाहेरचे प्रश्न

मारीट आमच्या मुस्तांगच्या गावात आली ती काठमांडूच्या अभ्यासवर्गातून. मूळची नॉर्वेची. तीन महिने तिथे आमची भाषा शिकून झाली होती, आता महिनाभर एखाद्या घरी राहून स्वतःचा विषय अभ्यासायचा होता. तिचा विषय होता लग्नाची गाणी, आणि घर आमचं.

भाषा ती पुस्तकातली बोलायची. पहिल्याच दिवशी कुत्र्याला म्हणाली, "आपण भोजन करावं." माझी सासू, आमा यांगझोम, हसून हसून चुलीपाशी आडवी झाली.

"अगं, आता तो माझ्या हातचं खायचा नाही!"

आमा तिला गाणी शिकवायला लागली. आमच्याकडे नवरीला न्यायला वऱ्हाड येतं तेव्हा दार बंद असतं. बाहेरचे गाण्यातून प्रश्न विचारतात, आतले गाण्यातूनच उत्तरं देतात. सगळी उत्तरं जमली की दार उघडतं. आमाला प्रश्न सगळे पाठ होते.

"आणि उत्तरं?" मारीटने विचारलं.

"ती मला येत नाहीत."

"मग कोणाला येतात?"

आमा उठून याकांना चारा घालायला गेली. मी ओढ्यापलीकडच्या घराकडे बोट केलं. तिथे छोकी राहते, आमाची सख्खी धाकटी बहीण. जवाला पाणी देताना कोणीतरी पाटातला दगड सरकवला, छोकीचं शेत कोरडं राहिलं, तिने आळ आमावर घेतला, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. गावातल्या लग्नांत हल्ली मोबाइलवरच गाणी वाजतात.

मारीट पूल ओलांडून गेली आणि संध्याकाळी खुशीत परतली. छोकीने सगळी उत्तरं गाऊन दिली होती. कोणी काही विचारायच्या आत पोरीने चुलीपाशीच ती फोनवर लावली.

आमा सत्तू मळत होती. तिचे हात थांबले.

"घसा बसलाय तिचा," ती म्हणाली. "खोकते का?"

"हो, बराच," मारीट म्हणाली. "अंथरुणात बसूनच गायल्या."

"आणि गाऊन घेतलंस तिच्याकडून? लाव, परत लाव."

सकाळी आमाने हाडांचं कढण भांड्यात ओतलं, शालीत गुंडाळलं आणि निघाली. आम्ही दोघी मागे. छोकीचं दार आतून लावलेलं. आमाने हाक मारली. परत मारली.

"घरात कोणी नाही!" आतून छोकी ओरडली.

आमाने भांडं उंबऱ्यावर ठेवलं. मग तिथेच तिने पहिला प्रश्न गायला सुरुवात केली. प्रश्न संपला तरी कडी हलली नाही. मला वाटलं, आता परत फिरावं लागणार. तेवढ्यात आतून घोगऱ्या आवाजात उत्तर आलं.

एकेक करत सगळे प्रश्न झाले. शेजारपाजारचे गच्च्यांवर येऊन ऐकत होते. शेवटी कडी निघाली.

"मधलं कडवं चुकलीस, आचा," छोकी म्हणाली. थोरल्या बहिणीला आम्ही आचा म्हणतो, पण तो शब्द तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"तो दगड मी नव्हता सरकवला."

"माहीत आहे. आमच्याच याकाने पाडला होता. नंतर कळलं. मग यायला तोंड कुठे होतं?"

"मेले! चल, हे पी आधी."

मारीट महिना संपल्यावर रडतच गेली. पण छोकीच्या अंगणात आता दुपारी गावातल्या मुली जमतात, माझी लेक दावाही असते. शरदातल्या लग्नात दाराच्या दोन्ही बाजूंना याच मुली उभ्या राहिल्या. एका कडव्यावर दावा अडखळली, तशी दोघी म्हाताऱ्या एकदमच तिच्यावर खेकसल्या. पोरीने जीभ चावली आणि पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात पुढचं कडवं उचललं.